वितंडवाद, जल्प आणि वाद : फरक हेतूचा

प्रश्न : सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "आता वितंडवाद पुरे!" वितंडवाद म्हणजे लांबलेलं भांडण, एवढाच अर्थ का? आणि युक्तिवाद कशाला म्हणायचं?

उत्तर : रूढ अर्थ तोच झालाय, पण मूळ अर्थ इतका नेमका आहे की तो सोडवत नाही. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते ठरवायला दोघं प्रमाण आणि तर्क घेऊन बसले तर तो वाद. जिंकायचंच म्हणून छलसुद्धा (समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणं) वापरला, तर जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ही वितंडा.

आपल्या नाशिकचंच बघा. गोदापात्रातलं काँक्रीट काढावं का? एक म्हणतो, "खाली झरे बुजलेत, काढा." दुसरा म्हणतो, "घाटाला धक्का लागणार नाही ना, ते आधी तपासा." पुरावा मिळाला तर मत बदलायची दोघांची तयारी असेल, तर तो वाद. तिसरा दोघांचंही खोडतो, पण "तुमचं म्हणणं काय?" विचारलं की गप्प. तो वितंडा घालतोय, भले एकदाही आवाज न चढवता.

छलाचं शास्त्रातलं उदाहरण फार सुंदर आहे. 'हा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. ऐकणारा मुद्दाम 'नव'चा अर्थ नऊ घेतो आणि म्हणतो, "नऊ कुठली? एकच तर दिसतंय!"

प्रतिप्रश्न : म्हणजे जल्प आणि वितंडा त्याज्यच?

उत्तर : नाही. न्यायसूत्रं, म्हणजे या दर्शनाचा मूळ ग्रंथ, म्हणतात, कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे हे दोन्ही तत्त्वाच्या रक्षणासाठी आहेत. मला हे मनापासून पटतं. समोरचा ऐकायलाच तयार नसेल तेव्हा कुंपण लागतंच.

युक्तिवाद मात्र कोर्टाला जास्त शोभतो. अ‍ॅरिस्टॉटलने भाषणाचे तीन प्रसंग सांगितलेत : न्यायसभेत घडून गेलेल्याचा निवाडा, लोकांच्या सभेत पुढे काय करावं याचा सल्ला, समारंभात स्तुती किंवा निंदा. आपला वकील पहिल्या प्रसंगात बोलतो, म्हणून तो 'युक्तिवाद करतो'. 'वाद घालतो' असं त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. तरी पक्षकार मात्र वादी आणि प्रतिवादीच राहिलेत, जुन्या अर्थाने.