रहस्यकादंबरी : खून आजचे, चित्रं १७,००० वर्षांपूर्वीची. तपशील तपासून हवेत

शेवटचं_पान

मंडळी, एका रहस्यकादंबरीचा आराखडा झालाय. स्थळ फ्रान्समधलं दोर्दोन्य, वेझेर नदीचं खोरं. तीन खून, आणि प्रत्येक प्रेत एकेका गुहाचित्राप्रमाणे मांडलेलं. पहिलं तिथल्या लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेच्या 'विहिरीत' (गुहेतला खोल खड्डा), तिथल्या चित्रातल्या पक्षीमुखी माणसासारखं आडवं. बाजूच्या भिंतीवर खुन्याने काळ्या रंगात नवी आकृती काढलीय. पोलीस रंग खरवडून कार्बन चाचणीला देतात, दोन दिवसांत 'वय १७,००० वर्षं' असा निकाल येतो आणि सगळे चक्रावतात.

हे पटेल का? गार गुहेत मृत्यूची वेळ कशी काढतात? तपासाला पॅरिसहून इन्स्पेक्टर आणला तर चालेल?

दगडफूल

आधी लास्को सोडा. गुहा सप्टेंबर १९४० मध्ये सापडली आणि १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. पर्यटक बघतात त्या प्रतिकृती, एक १९८३ची, दुसरी २०१६ची. मूळ गुहेत मोजकीच माणसं, तीही ठरलेल्या वेळेपुरती जातात. तिथे प्रेत सापडलं तर किल्ली कोणाकडे होती एवढंच विचारायचं उरतं. संशयितांची यादी दहाव्या पानावर संपेल.

त्यापेक्षा शेजारच्या लोत जिल्ह्यात या. पेश-मेर्ल आणि कून्याक या दोन्ही गुहांत अंगात रेषा घुसलेल्या माणसांची चित्रं आहेत. अभ्यासक त्यांना 'जखमी माणूस' म्हणतात. त्या रेषा भाले आहेत की आणखी काही, यावर वाद आहे, आणि तो वाद तुमच्या पात्रांच्या तोंडी छान शोभेल. दोन्ही गुहा लोकांसाठी खुल्या आहेत, म्हणजे मार्गदर्शक, तिकीटवाले, संशोधक, पर्यटक सगळेच संशयित. प्रेत मात्र खाजगी जमिनीतल्या एखाद्या काल्पनिक छोट्या गुहेत ठेवा. दाराला लोखंडी जाळी, किल्ली जमीनमालकाकडे.

आता कार्बन. लास्कोतला काळा रंग मुख्यतः मॅंगनीज ऑक्साइडचा. त्यात कार्बनच नाही, तर वय कशाचं काढणार? खुन्याने लाकडी कोळसा वापरला असेल तर चाचणी होते, पण दोन दिवसांत नाही. नमुना आम्ल-अल्कलीने धुवायचा, जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा, त्याचं ग्रॅफाइट बनवायचं, मग प्रवेगकात मोजायचं. यात काही आठवडे धरा.

पण तुमची कल्पना यातूनच वाचते. चाचणी सांगते ते लाकूड कधी मेलं ते. रेघ कधी ओढली हे ती सांगत नाही. खुन्याने प्राचीन चुलीच्या थरातला कोळसा उचलून रेघ ओढली, तर १७,००० वर्षांचा निकाल खरोखर येईल. आणि असा कोळसा मिळवू शकणारा माणूस उत्खननाच्या जवळचाच हवा. धागा तिथून पकडा. उलट, बाजारातला कोळसा वापरला तर तो लगेच उघडा पडतो. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ (वय काढताना मोजतात तो किरणोत्सारी कार्बन) जवळपास दुप्पट झाला होता, त्याची खूण त्यानंतर वाढलेल्या लाकडात राहते.

रानवारा

दगडफूल यांच्याशी सहमत. भर एवढीच की नकली चित्र वयाच्या चाचणीआधी भिंगाखालीच पकडलं जातं. बास्क प्रदेशातली सुबियाल्दे गुहा १९९० मध्ये 'सापडली' तेव्हा मोठा गाजावाजा झाला. मग रंगात भांडी घासायच्या स्पंजचे कृत्रिम धागे आणि किड्यांचे अवयव मिळाले. किड्यांचे पाय इतकी हजार वर्षं टिकत नाहीत.

तपासणीचा क्रम असा ठेवा : आधी कुठेही हात न लावता छायाचित्रं, तिरपा प्रकाश टाकून. मग रंग कॅल्साइटच्या (झिरपत्या पाण्यातून भिंतीवर साचणाऱ्या चुन्याच्या) थराखाली आहे की वर, हे पाहायचं. जुन्या चित्रावर बऱ्याचदा पातळ थर चढलेला असतो. नवा रंग थरावर बसतो आणि भेगांत ओघळतो. खरवडणं अगदी शेवटी, आणि तेही सांस्कृतिक खात्याच्या परवानगीने. तुमचे पोलीस पहिल्याच दिवशी खरवडतात, ते कोणी करू देणार नाही.

आणखी एक. हाताच्या पंजाचा ठसा दाखवणार असाल तर खुन्याला गेरू तोंडात धरून फुंकू द्या. रंगासोबत लाळ भिंतीवर जाते, लाळेत डीएनए. फक्त लोह आणि मॅंगनीज चाचणीत अडथळा आणतात, म्हणून पहिला निकाल कोरा येऊ शकतो. दुसऱ्यांदा शुद्ध करून मिळतो. एक प्रकरण आरामात निघेल. बोटांचे ठसे मात्र मिळायचे नाहीत, कारण रंग हाताभोवती बसतो, हाताखाली नाही.

निशाचर_वैद्य

मृत्यूच्या वेळेबद्दल : खोल गुहेत तापमान साधारण १२-१३ अंश आणि जवळपास स्थिर असतं, त्यामुळे पहिल्या दिवसभरात प्रेताच्या तापमानावरून काढलेला अंदाज उघड्यावरल्यापेक्षा भरवशाचा. चूक होते ती ओल्या कपड्यांमुळे आणि गार दगडाला टेकलेल्या अंगामुळे, कारण प्रेत लवकर गार होतं आणि खून प्रत्यक्षापेक्षा आधी झाल्यासारखा वाटतो. खुन्याचा बनावट पुरावा इथेच बसवा. प्रेताची ताठरता गारठ्यात उशिरा येते आणि काही दिवस टिकते. अंधाऱ्या भागात नेहमीच्या हिरव्या-निळ्या माश्या सहसा शिरत नाहीत, म्हणून अळ्यांवरून हिशोब करायला जाऊ नका. काही महिने पडलेल्या प्रेताची चरबी ओलाव्यात साबणासारखी होते.

कार्बन डायऑक्साइड विसरू नका. तो हवेपेक्षा जड, खोलगट जागी साठतो. ३ टक्क्यांना धाप लागते, १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. लायटर पेटतो म्हणजे हवा ठीक, हा समज चुकीचा. ज्योत मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यावर विझते. तुमच्या नायकाकडे मीटर असू द्या.

दगडफूल

पॅरिसचा इन्स्पेक्टर नको. खेड्यात तपास जांदार्मरीचा, म्हणजे ग्रामीण भाग सांभाळणाऱ्या लष्करी पोलीसदलाचा. सूत्रं आधी सरकारी वकिलाकडे, आणि खून असल्याने मग तपास-न्यायाधीशाकडे (तपास स्वतः चालवणारा न्यायाधीश). दोर्दोन्य बोर्दोच्या अपील न्यायालयाखाली, लोत आजँच्या. दोन जिल्ह्यांत दोन प्रेतं म्हणजे दोन फायली. त्या एकत्र कोणी करायच्या यावरून कुरबुर होईल, मधल्या पन्नास पानांना तेवढं पुरे.

शेवटचं_पान

हे सोनं आहे! पण हेच भीमबेटक्यात किंवा कोकणात नाही का आणता येणार?

रानवारा

कोकणातली कातळशिल्पं उघड्या सड्यावर कोरलेली आहेत, रंग नाही, अंधार नाही. मध्य प्रदेशातली भीमबेटका (पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेली) बहुतांशी उघडे शैलाश्रय. तिथे वारा, ऊन, माश्या सगळं येतं, म्हणजे निशाचर यांचं सगळं गणित बदलतं. फ्रान्समध्येच राहा. आणि पक्षीमुखी माणूस हवाच असेल तर लास्कोच्या त्या चित्रात त्याच्या हाताला चारच बोटं आहेत, प्रेत मांडताना खुन्याने ते विसरू नये.