विषय: मे महिन्यात आखेनहून बसनं होहेस फेन, गुडघे सांभाळून

प्रेषक: सुनंदा, त्रिमूर्तीनगर, नागपूर

नमस्कार मंडळी,

मुलगा जर्मनीत आखेनला नोकरीला लागला, त्यानंच मला या यादीत घातलं. आम्ही दोघं मे महिन्यात त्याच्याकडे चाललो आहोत. तो दिवसभर ऑफिसात, गाडी त्याच्याकडे नाही. सीमेपलीकडं बेल्जियमात होहेस फेन नावाचं दलदलीचं मोठं माळरान आहे, लाकडी फळ्यांवरून चालता येतं आणि बसही जाते, असं तो सांगतो. ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. सेमिनरी हिल्सचा चढ नको म्हणतात, पण अंबाझरीला रोजची चक्कर चुकत नाही. आम्हाला दोघांनाच जमेल का? आणि तिथं नेमकं पाहायचं काय?

सुनंदा

---

प्रेषक: विलास, मानेवाडा, नागपूर

काहून बाप्पा, लाखभर रुपयाचं तिकीट काढून गवत पाहायला जाता? पेंचला चला, वाघ नाही दिसला तरी सांबर नक्की दिसते. चेष्टा बाजूला ठेवा, पण फोटोत तर नुसतं पिवळं रान दिसून राहिलं. शिखर वगैरे काही आहे का नाही तिथं?

विलास

---

प्रेषक: दिलीप, धरमपेठ, नागपूर

सुनंदाताई,

जमेल, आणि गाडीवाचून उत्तम जमेल. मी आखेनला नोकरीत होतो तेव्हा गाडी असूनही फेनला बसनंच जायचो, कारण गाडी लावली की पुन्हा त्याच जागी परत यावं लागतं. बसचं तसं नाही, एका थांब्याला उतरा, दुसऱ्या थांब्यावरून चढा.

आखेनहून बेल्जियमातल्या ऑयपन गावाला १४ नंबरची बस जाते. ऑयपनला उतरून सांक्ट फीटकडे जाणारी बस धरा. ती जंगलातून चढत पठारावर येते आणि बराक मिशेल, मों रिजी, बोत्रांज असे थांबे घेते. दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. बस येताना दिसली की हात करा, नाहीतर ड्रायव्हर सरळ निघून जातो. आपल्या एसटीचं ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ तिथं अगदी तंतोतंत लागू आहे. दुसरं, गाड्या थोड्या, रविवारी आणखी थोड्या. उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ थांब्यावरच्या पाटीवर पाहा, पाटीचा फोटो काढा, मगच चालायला लागा.

विलासराव, शिखर आहे की! बोत्रांज, अख्ख्या बेल्जियमचं सर्वांत उंच ठिकाण, ६९४ मीटर. सातशेला सहा कमी पडतात हे त्यांना सहन होईना, म्हणून १९२३ मध्ये सहा मीटरचा मातीचा उंचवटा रचून त्याला पायऱ्या केल्या. आता वर उभं राहिलं की बरोबर सातशे. आपलं चिखलदरा त्याहून चारशे मीटर तरी उंच आहे. तेव्हा शिखरासाठी जात असाल तर खरंच पेंचला जा.

ताई, तुम्ही मों रिजीला उतरा. तिथून पोलर फेनची फेरी सुरू होते, चारेक किलोमीटर, बरीचशी फळ्यांवरून आणि जवळजवळ सपाट. काही भाग तर चाकाच्या खुर्चीलाही जाईल असा केलेला आहे. साहेबांच्या गुडघ्याला याहून सोयीचं दुसरं काही नाही. फळ्या सोडून खाली पाय ठेवायचा नाही. ते राखीव क्षेत्र आहे, १९५७ पासून, आणि खालची जमीन म्हणजे जमीन नव्हेच. वर शेवाळाची गादी, खाली हजारो वर्षं न कुजता साठलेल्या वनस्पतींचा काळा थर. हे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं. नागपूरला वर्षाकाठी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत उरकतो. तिथं चौदाशेच्या आसपास, पण बारा महिने झिरपत राहतो. वाहून जायला उतार नाही, म्हणून दलदल.

विलासराव म्हणतात ते पिवळं रान म्हणजे मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत. मेच्या शेवटी त्यातून पांढरे गोंडे वर येतात, कापसाचं फुटलेलं बोंड जसं दिसतं तसेच. वाऱ्यानं सगळे एका अंगाला झुकतात. फळीवर बसून जवळून पाहा, काडी दोऱ्याएवढी बारीक आणि गोंड्यात सरकी नाही. विदर्भातल्या माणसाला ते पाहून हसू आल्याशिवाय राहत नाही.

आता धोक्याचं. लाल झेंडा लागला असेल तर त्या भागात पाऊल टाकायचं नाही. इतक्या ओल्या मुलखात आग कशी लागेल, असं वाटेल. लागते, आणि लागते ती वसंतातच. नवं गवत यायच्या आधी जुनं गवत उभ्या उभ्या वाळलेलं असतं, पूर्वेचा कोरडा वारा सुटला की एक थोटूक पुरे. २०११ च्या एप्रिलमध्ये हजार हेक्टरांहून जास्त रान जळालं. काही भाग तिथल्या काळ्या रानकोंबड्यांच्या विणीच्या काळातही बंद ठेवतात. ते पक्षी इतके कमी उरले होते की २०१७ पासून स्वीडनहून आणून सोडावे लागले. झेंडा दिसला तर वाद न घालता परतीची बस धरा आणि ऑयपनच्या धरणावर चक्कर मारा.

बराक मिशेलच्या बाजूला रानात एक लाकडी क्रूस आहे, त्याची गोष्ट खरी आहे. १८७१ च्या जानेवारीत फ्रांस्वा आणि मारी हे लग्न ठरलेलं जोडपं लग्नाचे कागद आणायला निघालं. तो जिलेपच्या धरणाच्या बांधकामावर मजूर होता. तिचं गाव सीमेपलीकडं, तेव्हाच्या प्रशिया या जर्मन राज्यात, म्हणून कागद तिकडचे हवे होते. बर्फाच्या वादळात दोघं वाट चुकली. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर देह सापडले, तिचा सीमेच्या दगडापाशी आणि त्याचा तिथून बराच लांब. तिच्याजवळ त्याच्या हातची चिठ्ठी होती, मारी आत्ताच गेली आणि मीही चाललो, अशा अर्थाची. सीमेचे दगड अजून उभे आहेत, एका अंगाला बेल्जियमचं बी, दुसऱ्या अंगाला प्रशियाचं पी. सीमा १९२० मध्येच सरकली, दगड काही कोणी हलवले नाहीत. क्रूसापर्यंतची वाट मात्र ओली आणि मुळांची असते, गुडघ्यासाठी ती नको.

दिलीप

---

प्रेषक: प्राजक्ता, आखेन

काकू, दिलीपकाकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त रोजच्या कटकटी लिहिते.

पासपोर्ट सोबत ठेवा. बसमध्ये कोणी विचारत नाही, पण तुम्ही दुसऱ्या देशात जाताय. सपाट चपला नकोत, ओल्या फळ्या शेवाळल्यासारख्या निसरड्या होतात. खाली रेषा असलेले बूट घ्या आणि काकांना काठी द्या. तुम्ही नवतप्यातून निघून येणार, तेव्हा मे म्हणजे उन्हाळा असं समजू नका. शहरात ऊन असताना वर धुकं आणि बोचरा वारा असतो. एक कानटोपी आणि एक पावसाळी जाकीट, छत्री नको, वाऱ्यात उलटते. घरी आल्यावर पाय आणि मांड्या नीट तपासा, गवतात गोचीड असते आणि तिच्यामुळे आजार होतो. म्हणून पँटचे पाय मोज्यात खोचायचे, कितीही गावठी दिसलं तरी.

थांब्याजवळच्या हॉटेलात वाटाण्याचं घट्ट सूप मिळतं, पण त्यात बहुतेक वेळा सॉसेज असतं, आधी विचारा. मी तर धपाटे आणि लोणचं नेते.

प्राजक्ता

---

प्रेषक: सुनंदा, त्रिमूर्तीनगर, नागपूर

सगळ्यांचे आभार. ह्यांनी सीमेच्या दगडाचं वाचलं आणि तेवढ्यासाठी तरी जाऊच म्हणतात, क्रूस राहू द्या. मुलगा म्हणतो शनिवारी तोही येईल, पण आम्हाला कामाच्या दिवशी दोघंच जायचंय. मंगळवार चालेल का? गर्दी कमी असेल ना?

सुनंदा

---

प्रेषक: दिलीप, धरमपेठ, नागपूर

मंगळवार उत्तम, फळ्यांवर समोरून येणाऱ्यांना वाट देत थांबावं लागत नाही. फक्त तो दिवस शाळेच्या सुट्टीत येतोय का ते मुलाला पाहायला सांगा. शाळा असताना आणि नसताना बसचं वेळापत्रक वेगळं असतं. दगड पाहायचाच तर बराक मिशेलला उतरून तिथंच विचारा, पण झेंडा पाहून. सकाळची पहिली ऑयपन बस धरा.

दिलीप