मदत हवी आहे: एसबीए-१५ या सच्छिद्र सिलिकेवर अमाईन (शिसं पकडणारे नायट्रोजनयुक्त गट) बसवताना छिद्रं बुजताहेत, कारण पावसाळा असेल का?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाण्यातलं शिसं शोषणारी मेसोपोरस (काही नॅनोमीटर रुंद छिद्रांची) सिलिका बनवते आहे. कृती नेहमीचीच: ४ ग्रॅम पी१२३ (टेम्प्लेट, म्हणजे छिद्रांचा साचा ठरणारं पॉलिमर), २ मोलर एचसीएल, ८.५ ग्रॅम टीईओएस (यातून सिलिका बनते), ४० अंशांवर दिवसभर ढवळणं, १०० अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये आणखी एक दिवस, शेवटी ५५० अंशांवर टेम्प्लेट जाळणं. इथपर्यंत काहीच तक्रार नाही. क्षेत्रफळ ग्रॅममागे ७४० चौ. मी., नायट्रोजन शोषणाच्या आलेखात एच१ लूप (एकसारख्या मोकळ्या छिद्रांची खूण) छान उभा.

घोळ पुढे होतो. टोल्युईनमध्ये एपीटीईएस (अमाईन असलेलं सिलेन) घालून रिफ्लक्स करते, म्हणजे वाफ परत थंड करत उकळत ठेवते. मार्चची बॅच उत्तम झाली. जुलैत तेच प्रमाण, तरी क्षेत्रफळ ९० वर आलं, आणि नायट्रोजन बाहेर पडतानाची रेषा ०.४५ सापेक्ष दाबापाशी एकदम खाली कोसळते. टीजीएत (तापवत वजन मोजण्याच्या चाचणीत) वजन मात्र मार्चपेक्षा जास्त घटतं, म्हणजे अमाईन भरपूर बसलंय. लहान कोनाच्या एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) छिद्रांच्या नियमित मांडणीची १००, ११०, २०० ही तिन्ही शिखरं जागच्या जागी आहेत. रचना शाबूत आहे, छिद्रांची तोंडं बुजली आहेत, असं मला वाटतं.

संशय दमट हवेवर आहे. डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल सध्या दोन दिवसांत गुलाबी होते. पावडर रात्रभर १२० अंशांवर ओव्हनमध्ये असते, पण बाहेर काढून वजन करेपर्यंत ती किती पाणी ओढत असेल! पाणी मिळालं की एपीटीईएसचे रेणू भिंतीला धरण्याऐवजी एकमेकांनाच जोडले जातात.

ग्लव्हबॉक्स (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) नाही. बीईटीला (क्षेत्रफळाच्या मोजणीला) नंबर लागायला तीन आठवडे जातात, त्यामुळे अंदाजाने चार बॅचेस करणं परवडत नाही. आधी काय बदलू?

प्रतिसाद:
निदान पटतंय. पावडर रिॲक्शनच्या फ्लास्कमध्येच घ्या, तिथेच व्हॅक्यूमखाली १५० अंशांवर सुकवा, फ्लास्कसकट वजन करा आणि नायट्रोजन सोडून थंड होऊ द्या. मग टोल्युईन सिरिंजने घाला, फ्लास्क उघडूच नका. ते टोल्युईन आधी दिवसभर ४ए मॉलिक्युलर सिव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) ठेवा. सिव्ह ३०० अंशांवर तापवून घेतलेले हवेत. बीईटीसाठी थांबण्याआधी टोल्युईनचं कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजणारी चाचणी) करून घ्या, त्याला फार वेळ लागत नाही. एपीटीईएस गढूळ दिसत असेल तर नवीन बाटली फोडा. आणि एक सांगा, मार्चमध्ये टोल्युईन नव्या बाटलीतलं होतं का?

धागाकर्ती:
हो, सीलबंद होतं. जुलैत त्याच बाटलीतलं उरलेलं वापरलं. कार्ल फिशर उद्याच करते.