इंटरनेटच्या इतिहासावर २० मिनिटांचं सादरीकरण: सनावळीपलीकडे काय दाखवावं?

बाकावरचे तीन

सेमिनारसाठी आमच्या गटाला 'इंटरनेटचा इतिहास' हा विषय मिळाला आहे. वेळ २० मिनिटं, वर ५ मिनिटं प्रश्नोत्तरं. ऐकणाऱ्यांना पॅकेट (संदेशाचा तुकडा), आयपी पत्ता (यंत्राचा क्रमांक), पोर्ट (यंत्रावरच्या एखाद्या सेवेचा क्रमांक) इतपत माहिती आहे.

सध्याचा आराखडा: १९६९ अर्पानेट, १९७१ ईमेल, १९८३ टीसीपी/आयपी (संगणकांनी आपसांत बोलायचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल), १९८९ वेब, १९९३ मोझॅक ब्राउझर. सगळं एकामागून एक येतं, पण कशामुळे काय झालं ते कुठेच येत नाही. जाणकारांना तीन प्रश्न:

१. या यादीत ढोबळ चूक आहे का?
२. 'अणुहल्ल्यातही टिकावं म्हणून इंटरनेट बनवलं' हे वाक्य ठेवावं की काढावं?
३. वर्गात करून दाखवता येईल असं काही आहे का? एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आहे. नेट आहे, पण भरवशाचं नाही.

---

जुनी तार

आधी दुसरा प्रश्न. ते वाक्य काढा. दोन वेगळ्या गोष्टींची त्यात खिचडी झाली आहे.

रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतले पॉल बॅरन हल्ल्यानंतरही चालू राहील अशा दळणवळणाचा विचार करत होते, हे खरं. संदेशाचे तुकडे करून जाळ्यातून मिळेल त्या वाटेने पाठवायचे, ही त्यांची मांडणी १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. पण अर्पानेट त्यासाठी उभारलं गेलं नाही. १९६६ मध्ये अर्पात (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) काम करणाऱ्या बॉब टेलर यांच्या कार्यालयात तीन टर्मिनलं होती आणि ती तीन ठिकाणच्या तीन संगणकांना जोडलेली होती. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर खुर्ची बदलायची. महागडे संगणक वेगवेगळ्या विद्यापीठांना वाटून वापरता यावेत, हा अर्पानेटचा हेतू. 'पॅकेट' हा शब्द तर तिसऱ्याच माणसाचा, ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड डेव्हिस यांचा. बॅरन यांचं काम ठाऊक नसताना ते त्याच कल्पनेपर्यंत पोचले होते.

आता यादी. सनं बरोबर आहेत, पण १९६९ च्या रकान्यात 'इंटरनेटचा जन्म' असं लिहिलं असेल तर खोडा. तेव्हा जन्मलं ते एक नेटवर्क. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. एल आणि ओ ही दोन अक्षरं गेली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने जोडणी नीट झाली. वर्षअखेर एकूण चार ठिकाणं जोडलेली होती आणि मधल्या तारा ५० किलोबिटच्या. इंटरनेट म्हणजे एकमेकांपासून भिन्न असलेल्या नेटवर्कांची जोडणी, आणि ती गोष्ट १९७४ नंतरची.

वेब आणि इंटरनेट एकच समजण्याची चूक टाळायला ईमेलचं सन पुरेसं आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ॲट चिन्ह वापरून एका यंत्रावरून दुसऱ्यावर पत्र पाठवलं. टिम बर्नर्स-ली यांचा सर्न या युरोपीय भौतिकी प्रयोगशाळेतला वेबचा प्रस्ताव मार्च १९८९ चा. मधली अठरा वर्षं लोक वेबशिवाय पत्रव्यवहार करतच होते.

---

गाळणी

वरच्याशी सहमत. 'कशामुळे' दाखवायचं असेल तर शोधांची यादी सोडा आणि बिघाडांची घ्या. माझी निवड २७ ऑक्टोबर १९८० ची, त्या दिवशी अख्खं अर्पानेट जवळजवळ चार तास बंद पडलं होतं. पुस्तकांत ही घटना एका ओळीत उरकतात, पण तिची फोड वर्गात कागदावर करून दाखवता येते.

पार्श्वभूमी: प्रत्येक ठिकाणी इम्प नावाचा एक मिनीसंगणक असे, म्हणजे पॅकेटांना वाट दाखवणाऱ्या आजच्या राउटरचा पूर्वज. आपल्या तारांची स्थिती सांगणारं पत्रक प्रत्येक इम्प इतर सर्वांना पाठवी. मिळालेलं पत्रक आधीच्यापेक्षा नवं असेल तर ते ठेवायचं आणि शेजाऱ्यांना द्यायचं, जुनं असेल तर टाकून द्यायचं. नवं-जुनं ठरवायला पत्रकावर ६ बिटांचा क्रमांक, म्हणजे ० ते ६३, आणि ६३ नंतर पुन्हा ०. आकडे गोल फिरणारे असल्यामुळे 'मोठा तो नवा' हा नियम चालत नाही. म्हणून नियम असा होता: दोन आकड्यांतला फरक ३२ किंवा त्याहून कमी असेल तर मोठा आकडा नवा, फरक ३२ पेक्षा जास्त असेल तर आकडे फिरून आले असं धरायचं आणि लहान आकडा नवा.

त्या दिवशी एका इम्पच्या स्मृतीत बिट गळत होते. एकाच इम्पच्या पत्रकाच्या तीन आवृत्त्या जाळ्यात फिरू लागल्या. क्रमांक होते ४४, ४० आणि ८. बायनरीत लिहा:

४४ = १०११००
४० = १०१०००
८ = ००१०००

प्रत्येक पायरीला एकेक १ गळलेला दिसेल. आता नियम लावा. ४४ आणि ४०: फरक ४, म्हणून ४४ नवा. ४० आणि ८: फरक बरोबर ३२, म्हणून ४० नवा. ८ आणि ४४: फरक ३६, म्हणून ८ नवा. तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्या एकापेक्षा नवा! दगड-कागद-कात्रीसारखा हा फेरा कधी संपतच नाही. प्रत्येक इम्प 'हे नवं आलं' म्हणून पत्रक पुढे ढकलत राहिला आणि बाकी कामाला वेळच उरला नाही.

दोन प्रश्न हमखास येतील, त्यांची उत्तरं तयार ठेवा. पहिला, 'चेकसम नव्हता का?' होता (मजकूर बिघडला का ते पडताळायचा आकडा), पण तारेवरच्या प्रवासापुरता. पॅकेट इम्पच्या स्मृतीत असताना बिट गळला तर तो पकडणारं काही नव्हतं. बिघडलेलं पत्रक नव्या, बरोबर चेकसमसह पुढे निघे. दुसरा, 'बंद करून चालू का नाही केलं?' एक इम्प नव्याने चालू केला की शेजारी त्याला तीच तीन पत्रकं पुन्हा देत. शेवटी त्या विशिष्ट इम्पची पत्रकं दुर्लक्षित करा, असा तात्पुरता बदल इम्पच्या प्रोग्रॅममध्ये करावा लागला.

सादरीकरणाला धार येते ती पुढच्या दुव्याने. आजच्या ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये क्रमांक गोल फिरत नाहीत, ३२ बिटांत सरळ रेषेत वाढतात. पत्रकाला वय असतं: ते ३० मिनिटांनी ताजं केलं जातं, आणि एक तास झाला की बाद. शिवाय स्मृतीत पडून असलेल्या पत्रकाचा चेकसमही राउटर ठरावीक काळाने पुन्हा तपासतो. १९८० ची फोड आधी केली की या तिन्ही तरतुदी कशासाठी आहेत ते वेगळं सांगावं लागत नाही.

सगळा तपशील आरएफसी ७८९ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमवार मालिका). एरिक रोझेन यांनी जुलै १९८१ मध्ये लिहिलेला तो अहवाल छोटा आहे आणि भाषा सोपी. मूळच वाचा.

---

बाकावरचे तीन

हे भारी आहे, नक्की घेतो. तिघे जण ८, ४०, ४४ च्या पाट्या धरून उभे राहिलो तर? आणि १९८३ ला किती वेळ द्यावा?

---

गाळणी

पाट्या चालतील, फक्त फळ्यावर ६४ खुणांचं घड्याळ काढून ठेवा. नाहीतर 'फरक ३६ म्हणून लहान आकडा नवा' हे मागच्या बाकांना कळणार नाही.

---

जुनी तार

१९८३ ला तीन मिनिटं. 'एनसीपी गेलं, टीसीपी/आयपी आलं' एवढंच म्हणालात तर ती पुन्हा सनावळ. खरा मुद्दा असा की एनसीपीने, म्हणजे अर्पानेटच्या जुन्या प्रोटोकॉलने, नेटवर्क भरवशाचं आहे असं गृहीत धरलं होतं. पॅकेट हरवलं तर पुन्हा पाठवायची सोय दोन टोकांच्या संगणकांत नव्हती. ते काम इम्पांचं. अर्पानेटपुरतं ते ठीक होतं. पण चालत्या गाडीतल्या रेडिओवरून आणि उपग्रहावरून पॅकेट पाठवायची तर ती हरवणारच. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या लेखात हा भार टोकांवर टाकला, आणि २२ नोव्हेंबर १९७७ ला रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट अशी तीन नेटवर्कं जोडून दाखवली गेली. १ जानेवारी १९८३ ही फक्त अंमलबजावणीची तारीख. बदलाची योजना नोव्हेंबर १९८१ मध्येच आरएफसी ८०१ म्हणून जाहीर झाली होती.

जाता जाता: त्याच १९७४ च्या लेखात नेटवर्क क्रमांकासाठी ८ बिट ठेवले आहेत, म्हणजे २५६ नेटवर्कं, आणि नजीकच्या भविष्याला तेवढी पुरतील असं नोंदवलं आहे. पुढे आयपीचा पत्ता ३२ बिटांचा झाला, एकूण ४,२९,४९,६७,२९६. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले.

---

शून्य एक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. दोन प्रयोग सांगतो. दोन्ही नेटशिवाय चालतात.

प्रयोग १, डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) आधीचं जग. नावं आणि पत्ते यांची एकच फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई आणि बाकीचे ती उतरवून घेत. संगणक वाढले तशी फाइल मोठी झाली, उतरवणारे वाढले, आणि ती हाती येईपर्यंत शिळी होऊ लागली. म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं. पण ती फाइल मेली नाही, तुमच्या लॅपटॉपवर 'होस्ट्स' नावाने आजही आहे. लिनक्सवर ईटीसी फोल्डरमध्ये, विंडोजवर सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या आतल्या ईटीसीमध्ये. तिच्या शेवटी एक ओळ घाला: आधी १२७.०.०.१ (म्हणजे हाच लॅपटॉप), मग जागा सोडून एखादं मनाचं नाव, शेवटी डॉट टेस्ट. (हा शेवट असल्या प्रयोगांसाठीच राखीव आहे, खऱ्या साइटशी टक्कर होत नाही.) अर्थात सगळं रोमन लिपीत. मग पायथनमधला तयार एचटीटीपी सर्व्हर (वेबची पानं देणारा प्रोग्रॅम) ८००० पोर्टवर चालू करा आणि ब्राउझरमध्ये ते नाव टाका.

अडतं कुठे: एडिटर प्रशासक म्हणून उघडला नाही तर फाइल जतन होत नाही. नोटपॅड गुपचूप टीएक्सटी शेपूट लावतो, मग फाइल असूनही नसल्यासारखी. नावाआधी एचटीटीपी आणि शेवटी पोर्ट क्रमांक लिहिला नाही तर ब्राउझर त्या नावाचा शोध घ्यायला निघतो. आणि हे नाव फक्त त्याच लॅपटॉपवर चालेल. शेजारच्या लॅपटॉपवर चालत नाही हे मुद्दाम दाखवा, डीएनएसची गरज तिथेच कळते.

प्रयोग २, १९९१ चा वेब. तोच सर्व्हर चालू ठेवा. टेलनेट किंवा नेटकॅटने (सर्व्हरला हाताने टाइप केलेल्या ओळी पाठवायची साधनं) १२७.०.०.१ च्या ८००० पोर्टला जोडा. मोठ्या रोमन अक्षरांत गेट (जी-ई-टी), जागा, तिरपी रेघ, आणि दोनदा एंटर. बस. सुरुवातीच्या एचटीटीपीत विनंती एवढीच होती. उत्तरात थेट पान येतं, वर हेडर (पानाविषयी माहिती देणाऱ्या ओळी) नाहीत, स्थितिक्रमांक नाही. दुसऱ्यांदा तीच ओळ शेवटी एचटीटीपी/१.० जोडून पाठवा. आता आधी २०० (म्हणजे सगळं ठीक), मग तारीख, मजकुराचा प्रकार, लांबी, आणि मग पान. चित्र आहे की मजकूर हे ब्राउझरला कळायला मजकुराच्या प्रकाराची ओळ लागते, म्हणून हेडर आले.

इथल्या खोड्या: पायथनचा सर्व्हर पहिल्या प्रकारातही रिकाम्या ओळीची वाट पाहतो, एकच एंटर दिला तर सगळं गोठल्यासारखं दिसतं. विंडोजवर टेलनेट आधी चालू करून घ्यावं लागतं, आणि टाइप केलेलं पडद्यावर दिसेलच असं नाही. न बघता टाइप करा, खोडून दुरुस्त करायला जाऊ नका. ज्या फोल्डरमधून सर्व्हर चालू कराल त्यातल्या सगळ्या फाइलींची यादी प्रोजेक्टरवर झळकेल, म्हणून रिकामं फोल्डर करून त्यात एकच पान ठेवा.

---

खटका

बिघाडांच्या यादीत ऑक्टोबर १९८६ पण हवा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांत अंतर ४०० यार्ड, मध्ये दोन इम्प, आणि वेग ३२ किलोबिटवरून सेकंदाला ४० बिटांवर घसरला. तार तुटली नव्हती. पॅकेट उशिरा पोचलं की पाठवणारा ते हरवलं समजून पुन्हा पाठवी, त्याने रांग वाढे, त्याने उशीर वाढे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या लेखात दिलेला उपाय टीसीपीत आजही आहे: सुरुवात थोड्याने (तेव्हा एका पॅकेटने), पोच आली की दुप्पट, पुन्हा दुप्पट, पॅकेट हरवलं की माघार. मोठी फाइल उतरवताना पहिल्या क्षणी वेग कमी आणि मग चढता दिसतो, त्यामागे बऱ्याच अंशी हेच आहे.

२० मिनिटांत १९८० आणि १९८६ दोन्ही मावणार नाहीत, मोझॅक काढा. ब्राउझर सगळ्यांना माहीत असतो.

---

जुनी तार

मोझॅक काढलात तरी ३० एप्रिल १९९३ राहू द्या. त्या दिवशी सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठाने गोफरच्या (वेबची तेव्हाची प्रतिस्पर्धी यंत्रणा) सर्व्हरसाठी काही जणांकडून शुल्क घ्यायचं ठरवलं होतं. गोफर मागे पडण्यामागे हे एकच कारण नव्हतं, पण महत्त्वाचं होतं.

आणि आरएफसी उद्धृत करताना दोन गोष्टी बघा. वरच्या बाजूला 'याची जागा अमुकने घेतली' अशी नोंद असते. टीसीपीचा जुना ७९३ आता ९२९३ ने बदलला आहे, त्यामुळे इतिहासासाठी जुना आणि आजच्या वर्तनासाठी नवा द्या. दुसरं, तारीख १ एप्रिल असेल तर सावध. आरएफसी ११४९ मध्ये कबुतरांमार्फत पॅकेट पाठवायची पद्धत अगदी गंभीर भाषेत दिली आहे.

---

बाकावरचे तीन

ठरलं: टर्मिनलं २ मिनिटं, १९७४ ते ८३ तीन, १९८० सहा (पाट्यांसह), १९८६ दोन, होस्ट्स फाइल तीन, वेबची विनंती तीन. एक मिनिट हातात. पाट्यांवर बायनरी पण लिहितोय.

---

शून्य एक

ते एक मिनिट टेलनेटला द्या. आणि टर्मिनलचा फाँट आधीच मोठा करून ठेवा.