शिंक आली की पाय आवळून उभं राहणं : तुमचे अनुभव लिहा

काल जिन्यात शेजारच्या काकूंना खोकल्याची उबळ आली आणि त्या कठडा धरून, पाय आवळून तिथेच थांबल्या. ते थांबणं मी ओळखलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर सहा वर्षं मी तशीच थांबत होते, शिंकलं-खोकलं की लघवी गळायची. पर्समध्ये कायम जास्तीची सलवार. "बाळंतपणानंतर असं व्हायचंच" म्हणाले सगळे, मीही मानलं. शेवटी फिजिओकडे गेले. हातमोजा घालून तिने आतून तपासलं, म्हणाली, आवळा. मी पोट आणि मांड्या आवळत होते, लघवी रोखणारे आतले स्नायू हललेसुद्धा नाहीत. श्वास न रोखता आवळायला शिकण्यातच दोन आठवडे गेले. मग आठ-दहा वेळा आवळायचं, जितका वेळ आवळलं तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, दिवसातून तीनदा. तीन महिन्यांनी एकदा जोरात शिंक आली आणि कपडे कोरडे! ओट्याशी उभी राहून रडले मी.

—

शिंकायच्या *आधी* आवळायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्यानेच निम्मं थांबलं. बाळ उठलं, नंतर लिहिते

—

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? प्रोस्टेट काढल्यावर लघवीची नळी निघाली त्या दिवशी घरी पोचेपर्यंत पँट भिजली. खुर्चीतून उठलो की गळायचं. पाच महिने व्यायाम करतोय, दिवसाला चार पॅड लागायचे, आता एक.

—

काका, जरूर लिहा. माझ्या बाबांनी याच कारणाने बाहेर पडणं सोडलंय. तुमचं त्यांना वाचून दाखवू?

—

वाचून नको. फोन त्यांच्या हातात दे आणि तू खोलीबाहेर जा.

—

माझं उलट निघालं. व्हिडिओ बघून केगल, म्हणजे हेच आवळायचे व्यायाम, सुरू केले तर दुखणं वाढलं, नवऱ्याजवळ जायचीही भीती वाटायला लागली. स्नायू ढिले नव्हतेच, सतत आवळलेले होते. केगल बंद करून सावकाश श्वास घेत ते सोडायला शिकले. हात जोडून सांगते, आधी तपासून घ्या.

—

केगल हे कुणाचं नाव आहे का? आणि लघवी मध्येच थांबवून करायचे ना ते?

—

हो, अर्नोल्ड केगल, अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, १९४८ साली त्यांनी यावर लिहिलं. लघवी थांबवून रोज नको गं, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक.

—

कुलपात किल्ली घातली की मला लघवीची कळ यायची. आता धावत नाही. जागीच थांबते, पटापट पाच-सहा वेळा आवळते, कळ ओसरली की चालत जाते. तीन दिवस वहीत लिहिलं, किती प्यायले, किती वेळा गेले. कॉफीनंतर हमखास घाई. आणि "निघताना उगाच जाऊन येऊ" ही सवय मोडायला सगळ्यात त्रास झाला.

—

मी गुडघ्यासाठी फिजिओकडे जाते, तिलाच विचारू का? लाज वाटते

—

विचार. ती यातली नसेल तर यातली कोण ते सांगेल.

—

बाळ झोपलं, आले. हां, तर बद्धकोष्ठता असेल तर तीही सांगा फिजिओला, माझी कुंथायची सवय आधी सोडवली तिने