कुत्रीला गोचीड ताप आहे. पिल्लांना दूध पाजू द्यावे का?

मिरजकर:
आमच्या वाड्यातील कुत्रीला पाच पिल्ले झाली आहेत. तिच्या नाकातून रक्त आले म्हणून तपासणी केली, तेव्हा प्लेटलेट फार कमी आढळल्या आणि पशुवैद्यांनी एर्लिकियाचे, म्हणजे गोचीड तापाचे, निदान केले. पिल्ले अजून तिच्याच अंगावर पितात. दुधातून किंवा तिच्या चाटण्यातून त्यांना हा आजार होईल का? त्यांना वेगळे ठेवावे का?

पाऊलखुणा:
कृपया घाईने दूध तोडू नका. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत राहतो आणि एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातो तो मुख्यतः तपकिरी गोचिडीमार्फत. गंमत अशी की, गोचिडीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरत नाही. अंड्यातून निघालेला लार्व्हा निर्दोष असतो, पण त्याने आजारी कुत्र्याचे रक्त पिऊन, गळून पडून, कात टाकली की पुढच्या अवस्थेत तो ज्याला चिकटेल त्याच्या रक्तात जिवाणू सोडतो. चिकटल्यापासून काही तासांतच हे घडू शकते, त्यामुळे दिसेल तेव्हा वेचून काढू, हा हिशेब पुरत नाही.

जुना वाडा:
खरी अडचण भिंतींत आहे. रक्ताने टम्म फुगलेली मादी कुत्र्याचे अंग सोडून फटीत शिरते आणि तेथे हजारो अंडी घालते. म्हणून गोणपाट बदला, फरशीच्या सांधी व चौकटीमागच्या भेगा तपासा. आईचे गोचीडनाशक औषध मात्र पिल्लांना लावू नका. प्रत्येक औषधाला किमान वय आणि वजन ठरलेले असते. वाड्यात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध टाळा, मांजरांना ते विषारी ठरते.

रक्ततपासणी:
एक पुरवणी. गर्भातून पिल्लांपर्यंत पोहोचू शकतो तो बॅबेसिया गिब्सोनी. तो जिवाणू नसून एकपेशीय परजीवी आहे, त्याची औषधे वेगळी आहेत आणि एकाच कुत्र्यात तो एर्लिकियासोबत सापडू शकतो, म्हणून आईची तीही तपासणी करून घ्या. पिल्लांची नुसती प्रतिपिंड (जंतूंविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने) चाचणी करू नका, कारण चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे त्यातही दिसतात. जंतूचा जनुकीय अंश थेट शोधणारी पीसीआर चाचणी अधिक उपयोगी पडेल. आईला डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू असेल तर सहसा चार आठवड्यांचा पूर्ण क्रम असतो. ती खेळू लागली म्हणून तो मध्येच थांबवू नये. बरी झाल्यावरही तिला पुन्हा लागण होऊ शकते.

मिरजकर:
आभारी आहे. चौकटीमागे बॅटरी मारून पाहिले; दोन फटी गोचिडींनी भरलेल्या आहेत. पिल्ले आईजवळच ठेवतो, पण जागा आजच बदलतो.