मागचा डिरेलर काढला की झाली सिंगल-स्पीड?

गिअरची सायकल सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करायला मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढायचा आणि चेन तोडून, आखूड करून मधल्या कॉगवर (दातेरी चक्रीवर) बसवायची, असं काहीजण सांगतात. तसं केलं तर सायकल सपाट रस्त्यावर चालेल, अगदी मजेत. पण ठाण्यातल्या येऊरच्या चढाला ती दगा देणार. कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या कॉगच्या संचाच्या) कॉगना चेन शेजारच्या कॉगवर उचलून देणारे उतार मुद्दाम कोरलेले असतात. उभं राहून जोर लावला की चेन आपसूक मोठ्या कॉगवर चढते, तिथे लांबी पुरत नाही, आणि मग चेन तुटते नाहीतर चाक जाम. शिवाय बहुतेक गिअरवाल्या फ्रेमचे मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) उभे असतात, चाक मागे ओढून चेन ताणायची सोय नसते. म्हणून टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लागतोच, आणि कॅसेटच्या जागी उंच दातांचा एकच कॉग, दोन्ही बाजूंना स्पेसर (जागा भरणाऱ्या रिंगा). मागून डोळा लावून बघा, चेन सरळ दिसेपर्यंत स्पेसर इकडचे तिकडे करत राहायचे. (स्वस्तातल्या सायकलींना कॅसेट नसतेच, हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला कॉगचा संच, म्हणजे फ्रीव्हील, असतं, त्याच आट्यांवर सिंगल-स्पीडचं फ्रीव्हील बसतं.)

रेशो म्हणाल तर २७.५ इंची चाकाला ३२:१८ (पुढे ३२ दाते, मागे १८) घ्या, चढ जमला नाही तर मागे २०. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर मात्र ३२:१८ ला ८० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलच्या ८० फेऱ्या) जेमतेम ताशी १९ किमीचा वेग मिळेल, रोडबाइकवाले टाटा करत जातील. जाऊ द्यात. पावसात खारघरच्या डोंगरावर चिखल भरून डिरेलर अडकतो, तेव्हा गिअरवालेच थांबलेले दिसतात!